गावासाठी गाडी मागताना: एसटीची फेरी, शेअर वाहनाचं परमिट आणि पास यांची अर्ज प्रक्रिया

खानदेशातल्या बहुतेक गावांची गाडीची मागणी एका ओळीत मावते: 'आमच्या गावाला बस सुरू करावी, ही नम्र विनंती.' खाली पन्नास-साठ सह्या, दोन-चार अंगठे आणि सरपंचांचा शिक्का. असा कागद आगारात पोहोचतो, आवक नोंदवहीत चढतो आणि तिथेच पडून राहतो. साहेब दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर निर्णय घ्यायला जे लागतं त्यातलं त्या कागदात काहीच नसतं म्हणून. गाडी किती वाजता हवी, कुठपर्यंत, रोज किती माणसं बसणार, परतीला कोण येणार, पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी येतं का, गाडी वळवायला जागा आहे का, हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून अर्जाआधी माणसं मोजायची. एसटी मागायची की शेअर रिक्षाचं परमिट काढायचं, हेही या मोजणीवरच ठरतं.

मोजणी कशी करायची

घरोघर फिरून वहीत चार रकाने भरा: कोण, कुठे, किती वाजता जातं, किती वाजता परततं. कॉलेजची पोरं, कामाला जाणारे, दवाखान्याला जाणारे, बाजाराला जाणारे असे वेगवेगळे लिहा. आठवडे बाजाराचा दिवस वेगळा धरा, नाहीतर त्या एका दिवसाची गर्दी पाहून आठवडाभराचा अंदाज चुकतो. 'गाडी आली तर जाऊ' म्हणणाऱ्यांना मोजू नका. आज जो पॅजोला (तीनचाकी शेअर रिक्षाला) किंवा काळीपिवळीला (शेअर जीपला) पैसे देऊन जातोय, तो खरा प्रवासी.

परतीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एसटी फेरीचा विचार भारमानावर करते, म्हणजे गाडीतल्या किती जागा किती अंतरापर्यंत भरल्या त्यावर. ४४ आसनांची गाडी सकाळी गावातून ४० जण घेऊन अमळनेरला गेली आणि येताना चौघांना घेऊन आली, तर ८८ जागांमध्ये ४४ भरल्या, म्हणजे भारमान ५० टक्के. गावकऱ्यांना वाटतं गाडी खचाखच जाते, आणि आगाराच्या हिशेबात तीच फेरी अर्धी रिकामी असते. दोघंही खरं बोलत असतात! यावर उपाय म्हणजे उलट्या बाजूचे प्रवासी शोधणं. शहरातून गावाकडे येणारे शिक्षक, आरोग्य केंद्राचे कर्मचारी, बँकेतली माणसं यांची संख्या अर्जात घाला. तेवढ्याने भागत नसेल तर त्याच रस्त्यावरची दोन-तीन गावं मिळून एकच मागणी करा. एका गावाची गाडी टिकत नाही, एका लाइनीची टिकते.

एसटीच्या फेरीसाठी अर्ज

अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावाने करायचा आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना द्यायची. खानदेशात एसटीचे दोन विभाग आहेत: जळगाव जिल्ह्यासाठी जळगाव विभाग, आणि धुळे व नंदुरबार या दोन्ही जिल्ह्यांसाठी धुळे विभाग. नंदुरबारचा माणूस कलेक्टर कचेरीसाठी नंदुरबारला जातो, पण एसटीचे विभाग नियंत्रक त्याला धुळ्यालाच भेटतात. तालुक्याच्या गावाला बसस्थानक असलं तरी आगार असतंच असं नाही. धडगाव भागातल्या पाड्यांनी शहादा किंवा अक्कलकुवा आगाराचा विचार करावा. ज्या आगाराच्या गाड्या आपल्या रस्त्याने आधीपासून जातात, तिथेच अर्ज द्या. नवी गाडी मिळण्यापेक्षा चालू फेरी दोन-चार किलोमीटर पुढे वाढवून मिळणं कितीतरी सोपं असतं, आणि अर्जात हा पर्याय लिहायला बहुतेकजण विसरतात.

अर्जाला पहिला कागद लागतो ग्रामसभेच्या ठरावाचा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. शाळा-कॉलेज जूनमध्ये सुरू होतात, म्हणून १ मेची सभा चुकवू नका. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिचाही ठराव जोडा. ठरावात 'बस मिळावी' एवढंच नको. वेळ, मार्ग आणि थांबे लिहा. दुसरा कागद मोजणीचा तक्ता. तिसरा, शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांचं किंवा प्राचार्यांचं पत्र: आपल्या गावातून किती विद्यार्थी येतात आणि तास किती वाजता भरतो, हे त्यांच्या लेटरहेडवर. या पत्राला आगारात वजन असतं, कारण विद्यार्थी पास काढतात आणि वर्षभर त्याच वेळेला येतात.

चौथा कागद रस्त्याचा. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या बांधकाम विभागाकडून, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांच्याकडून, रस्ता आणि पूल मोठ्या गाडीला चालतो असं पत्र घ्या. एसटीचे लोक स्वतः येऊन रस्ता पाहतात ते वेगळं, पण आधीच पत्र जोडलं तर एक हेलपाटा वाचतो. सातपुड्यात हा कागद फार महत्त्वाचा. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. अशा ठिकाणी 'लहान गाडी चालेल' आणि 'पावसाळ्यात पर्यायी मार्ग अमुक' असं अर्जातच लिहून टाका.

मुक्कामी गाडी मागत असाल तर आणखी एक गोष्ट: चालक-वाहकाच्या झोपण्याची सोय. ग्रामपंचायतीची खोली, दिवा, पाणी, संडास आणि रात्री गाडी उभी करायला सुरक्षित जागा. हे ठरावात लिहून द्या. माझं मत विचाराल तर दुपारच्या दोन फेऱ्यांपेक्षा एक मुक्कामी गाडी गावाला जास्त उपयोगी पडते. रात्री शेवटच्या गाडीने आलेला माणूस घरी पोहोचतो आणि पहाटे तीच गाडी पोरांना कॉलेजला नेते. दुपारची गाडी चुकली तर काहीतरी मिळतं. सकाळी सातच्या तासाला दुसरं काही मिळत नाही.

अर्जाची पोच घ्या, तारीख आणि आवक क्रमांकासह. उत्तर आलं नाही तर एसटीने २०२४ च्या जुलैत सुरू केलेल्या 'प्रवासी राजा दिना'ला जा. त्या दिवशी विभाग नियंत्रक आगारात बसून प्रवाशांचं ऐकतात. आपल्या आगाराची तारीख आगारातच कळते. तिथेही नाही झालं तर लोकशाही दिन आहे, म्हणजे सरकारी कचेरीत तक्रारी ऐकण्याचा ठरलेला दिवस. बंद झालेल्या फेरीसाठी माहितीचा अधिकार वापरा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि प्रश्न एकच, 'अमुक फेरीचं गेल्या बारा महिन्यांचं महिनावार भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न द्यावं.' उत्तर ३० दिवसांत यायला हवं. त्या आकड्यांत बहुतेकदा दिसतं की मे महिन्यात भारमान पडलं आणि म्हणून फेरी कायमची गेली. मग 'फक्त शाळेच्या दिवसांत चालवा' असा सुधारित अर्ज करता येतो.

मोठी गाडी भरत नसेल तर

मोजणीत रोजचे पंधरा-वीसच प्रवासी निघाले तर एसटीच्या मागे वर्ष घालवू नका. गावातल्याच एखाद्या पोराने कायदेशीर शेअर वाहन चालवावं, हा जास्त टिकाऊ मार्ग.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाला परमिट लागतं. ज्यात प्रत्येक प्रवासी वेगळं भाडं देऊन टप्प्याटप्प्यावर चढतो-उतरतो, ती टप्पा वाहतूक; आपल्या राज्यात ती मुख्यतः एसटीची. खासगी माणसाला मिळतं ते कंत्राटी वाहतुकीचं परमिट: रिक्षा, टॅक्सी, मॅक्सीकॅब. चालक सोडून सहापर्यंत प्रवाशांची ती मोटारकॅब, त्याहून जास्त पण बारापर्यंत ती मॅक्सीकॅब. शेअर मार्ग आणि माणशी भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण मंजूर करतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि परिवहन अधिकारी सचिव. म्हणजे नवा शेअर मार्ग हवा असेल तर नुसतं आरटीओच्या खिडकीवर जाऊन भागत नाही. ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांना प्राधिकरणाच्या बैठकीत विषय घेण्यासाठी पत्र द्यावं, सोबत तोच मोजणीचा तक्ता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये ग्रामीण वाहतूक आणि घरापर्यंतची जोडवाहतूक यांसाठी राज्याला योजना करण्याची मोकळीक दिली आहे. पत्रात तिचा उल्लेख जरूर करा.

परमिट काढणाऱ्याची पात्रता अशी. व्यावसायिक वाहन चालवायला वय किमान २० वर्षं, आणि हलक्या वाहनाचं लायसन्स हाती येऊन वर्ष झालेलं असावं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोंच्या आतल्या व्यावसायिक वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं हे पक्कं केलं. पण बॅज, म्हणजे प्रवासी वाहन चालवणाऱ्या चालकाचा बिल्ला, हा राज्याच्या १९८९ च्या नियमांतला आहे, तो लागतोच. बॅजसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला हवा. तो सगळ्यात आधी काढायला टाका, कारण बाकी सगळं तयार होऊन त्याच्यासाठी थांबायची वेळ येते. रिक्षाच्या परमिटाला महाराष्ट्राचा अधिवास दाखला, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि दुसरं परमिट किंवा सरकारी नोकरी नसल्याचं स्वयंघोषणापत्र लागतं. अर्ज परिवहन विभागाच्या पोर्टलवर भरायचा. आधी मंजुरीचं पत्र येतं, मग गाडी घ्यायची. उलटं करून आधी कर्जावर गाडी उचलू नका. नंतर गाडीचे कागद: आरसी, विमा, फिटनेस, कर, पीयूसी, आणि पिवळ्या पाटीवर काळे आकडे. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचं, पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. परमिट पाच वर्षं चालतं.

बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने परमिटातून सूट आहे. नोंदणी, विमा, फिटनेस आणि लायसन्स मात्र सुटलेलं नाही. ई-रिक्षा चार प्रवाशांची आणि ताशी २५ किलोमीटरची. स्टेशन ते कॉलेज, फाटा ते गाव अशा लहान टप्प्याला ती चांगली. महामार्गावरून तालुक्याला जायला घेऊ नका.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या, गाडीत भाडं घेऊन माणसं भरणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि लोकांचा नाइलाज मला समजतो. पण हिशेब कळू द्या: परमिटाशिवाय चालवलं तर कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पासिंगपेक्षा (नोंदणीत मंजूर संख्येपेक्षा) जास्त प्रवासी असतील तर माणशी २०० रुपये वेगळे, आणि जास्तीचे उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. खासगी विम्यावर भाड्याची माणसं नेताना अपघात झाला तर भरपाईचं ओझं मालकाच्या शेतावर येऊ शकतं.

यात्रेपुरती वाहनं हवी असतील तर कलम ८७ चं तात्पुरतं परमिट आहे, जास्तीत जास्त चार महिन्यांचं. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेसारख्या गर्दीला हाच रस्ता. अर्ज आरटीओकडे, महिनाभर आधी केलेला बरा.

शहराच्या बाजूने

जळगाव आणि धुळे महापालिका हद्दीत रिक्षांचे शेअर थांबे ठरवताना महापालिका, वाहतूक पोलीस आणि आरटीओ तिघांची संमती लागते. त्यामुळे अर्ज तिघांना द्या. केंद्राची पीएम ई-बस सेवा, म्हणजे विजेवरच्या शहर बसची योजना, २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे, आणि ही दोन्ही शहरं त्या रेषेच्या वर आहेत. आजूबाजूच्या गावांनी महापालिकेला आत्ताच लेखी कळवावं की शहर बसचा शेवटचा थांबा आपल्या फाट्यापर्यंत यावा. बांभोरीच्या विद्यापीठासारखी ठिकाणं हद्दीबाहेर आहेत आणि प्रवासी तिकडेच जास्त.

पास आणि सवलती

इथे फार सांगण्यासारखं नाही, कागद थोडे आहेत. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. दोन्हीला बोनाफाईड, आधार आणि फोटो. शाळेने विद्यार्थ्यांची यादी एकत्र आगाराला दिली तर पोरांना रांगेत उभं राहावं लागत नाही. मुख्याध्यापकांना हे सांगावं लागतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. ज्येष्ठांनी वय दाखवणारं ओळखपत्र जवळ ठेवावं. नोकरीला रोज जाणाऱ्यांसाठी मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस आणि त्रैमासिक पास ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस चालतो. रोजचा प्रवासी असून सुटं तिकीट काढणारे अजून भेटतात, म्हणून हे लिहिलं.

लग्न, सहल किंवा देवदर्शनाला अख्खी गाडी हवी असेल तर त्याला एसटीत प्रासंगिक करार म्हणतात. अर्ज आगारातच करायचा. आषाढीला गावातून चाळीस प्रवासी जमले तर थेट पंढरपूरची गाडी गावातून सुटू शकते; नावांची यादी घेऊन आगारात लवकर जा, कारण त्या आठवड्यात गाड्या कमी आणि वारकरी जास्त असतात.