आवा निळीची रंगाई

जपानच्या शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतात पारंपरिक पद्धतीने केली जाणारी कापडाची रंगाई. आवा हे या प्रांताचे जुने नाव. पाहुण्यांनाही येथे स्वतःच्या हाताने कापड रंगवता येते. आइझुमी गावातील ‘आइ नो याकाता’ या संग्रहालयात, म्हणजे ओकुमुरा या नीळव्यापारी घराण्याच्या जुन्या वाड्यात, तशी सोय आहे.

योशिनो नदीच्या पुरामुळे या खोऱ्यात दरवर्षी गाळाची सुपीक माती पसरत असे. भात तयार होईपर्यंत वादळांचा हंगाम येई. निळीचा पाला मात्र त्याआधीच कापून होई, म्हणून शेतकऱ्यांनी नीळ धरली. हे झाड भारतीय निळीच्या झाडाहून वेगळ्या कुळातले आहे. वाळलेल्या पाल्याचा ढीग घालून त्यावर पाणी शिंपडतात आणि तो दर काही दिवसांनी उलथतात. सुमारे शंभर दिवस हे चालते. ढीग आतून ६०–७० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि अमोनियाच्या वासाने डोळ्यांना पाणी येते. यातून तयार होतो तो सुकुमो. राखेची निवळी, गव्हाचा कोंडा, शिंपल्यांचा चुना आणि साके (तांदळाचे जपानी मद्य) घालून तो रांजणात आंबवतात. वर निळसर फेस धरला की रंग तयार झाला. रांजणातले जीवाणू थकले की त्याला विश्रांती द्यावी लागते, हे पाहुण्यांनी समजून घ्यायला हवे.

पाहुणे सहसा रुमालच रंगवतात. आपल्याकडच्या बांधणीप्रमाणे कापडाला गाठी मारतात, रबरबँड किंवा काड्या आवळतात आणि ते रंगात बुडवतात. बाहेर काढलेले कापड आधी हिरवट दिसते. हवा लागताच ते डोळ्यांदेखत निळे होत जाते. गडद छटेसाठी ते पुन्हापुन्हा बुडवावे लागते. शेवटी पाण्यात खळबळून गाठी सोडल्या की पांढरी नक्षी उमटते.

मेजी काळात (१८६८–१९१२) आयात होणारी भारतीय नीळ आणि १८९७पासून बाजारात आलेली जर्मन कृत्रिम नीळ यांनी हा धंदा मोडकळीस आणला. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी निळीच्या लागवडीवर बंदी आली, तेव्हा एका शेतकरी कुटुंबाने डोंगरात चोरून झाडे लावून बी राखले. आजही सुकुमो करणारी घरे मोजकीच आहेत. इतर ठिकाणी रंगाईला बसताना रांजणात सुकुमो आहे की कृत्रिम रंग, हे जरूर विचारावे. कापड सुती, तागाचे किंवा रेशमी असावे. पॉलिएस्टरवर हा रंग धरत नाही.