एनके पेशींच्या ल्युकेमिया चाचणीत सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

केमोथेरपीनंतर ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटला किंवा त्याने केमोला दादच दिली नाही, तर डॉक्टर कधीकधी एनके पेशींच्या क्लिनिकल ट्रायलचा विषय काढतात. एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी, आपल्या रक्तातच असतात. पेशीवर एचएलए वर्ग 1 ची खूण (पेशी आपल्याच शरीराची आहे हे सांगणारे प्रथिन) दिसली की सहसा त्या तिला हात लावत नाहीत. ती खूण नाहीशी झाली असेल आणि पेशी बिघडल्याच्या खुणा वर आल्या असतील, तर परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिने सोडून तिला मारतात. रुग्णाच्या स्वतःच्या एनके पेशी मात्र आजाराने बऱ्याचदा निष्प्रभ झालेल्या असतात, म्हणून त्या दात्याकडून घेतात. 2005 साली मिनेसोटातील संशोधकांनी नातेवाइकांच्या एनके पेशी दिलेल्या, गंभीर स्थितीतल्या 19 एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, ल्युकेमियाचा एक वेगाने वाढणारा प्रकार) रुग्णांपैकी 5 जणांत आजार पूर्ण मागे हटला. आशा वाटावी असा आकडा आहे, पण खात्री देणारा नाही. उपचार अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे, हे धरूनच अर्ज करावा.

पात्रता

प्रत्येक चाचणीचे निकष वेगळे असतात. साधारणपणे उलटलेला किंवा औषधांना न जुमानणारा एएमएल, स्वतःची कामे बऱ्यापैकी करता येण्याइतकी ताकद आणि हृदय, यकृत, मूत्रपिंड ठीक असणे पाहिले जाते. अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा गर्भारपण असेल तर सहसा घेत नाहीत. स्टिरॉइडचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. स्टिरॉइड एनके पेशींनाच दाबते, त्यामुळे ते चालू असेल तर अर्ज अडू शकतो. ते स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा.

कागदपत्रे

सर्वांत आधी मागतात तो बोन मॅरोचा (अस्थिमज्जेचा) ताजा रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) आणि सायटोजेनेटिक्ससह (गुणसूत्रांची तपासणी). एफएलटी3, एनपीएम1, टीपी53 यांसारख्या जनुकीय तपासण्या झाल्या असतील तर त्याही जोडा. आतापर्यंतच्या उपचारांचा तारीखवार गोषवारा, डिस्चार्ज समरी, टू-डी एको, एचआयव्ही व हिपॅटायटिसचे रिपोर्ट, एचएलए टायपिंग (एचएलए खुणांची तपासणी), डॉक्टरांचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र हवे. हे सगळे आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा. तपासण्यांना मुदत असते. एक कागद शोधण्यात आठवडा गेला तर मॅरो पुन्हा करावा लागू शकतो, आणि ते दुखणे रुग्णालाच सोसावे लागते.

दाता

आई-वडील, भावंडे किंवा मुले यांच्यापैकी अर्धी एचएलए जुळणारी व्यक्ती अनेकदा चालते. काही ठिकाणी मुद्दाम असा दाता निवडतात, ज्याच्या एनके पेशींना रुग्णाच्या पेशींवर 'आवर' घालणारी खूण सापडणार नाही. पूर्ण जुळणारे भावंड नाही म्हणून हताश होण्याचे कारण इथे नाही. दात्याची संसर्ग तपासणी होते, स्वतंत्र संमती घेतात आणि यंत्राद्वारे रक्तातून पेशी वेगळ्या काढतात. त्यातल्या टी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) काढून टाकतात, म्हणजे त्या रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत.

प्रक्रिया

चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदणी पोर्टलवर किंवा क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह येथे शोधा. नोंदणी आणि नैतिकता समितीची मंजुरी या दोन्ही गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक सांगता येत नाही, पण पैसे आधी मागतात, अशा ठिकाणी थांबू नका. नोंद असणे म्हणजे कुणी उपचाराची हमी दिली असेही नाही.

नंतर संमतीपत्र. ते घरी नेऊन वाचायचा तुम्हाला हक्क आहे. कोणता खर्च कोण करणार, त्रास झाल्यास उपचार कोण देणार, हे लेखी मागा. सही केल्यावरही कधीही माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. लहान मुलासाठी पालक सही करतात, पण मुलाला समजेल इतके त्यालाही सांगितले पाहिजे.

त्यानंतर तपासण्या, मग फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची छोटी केमो, मग पेशी शिरेतून. साधारण महिनाभराने मॅरो तपासतात आणि पुढे बराच काळ पाठपुरावा चालतो.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी घ्या. संसर्ग किंवा स्टिरॉइड हे कारण असेल तर ते दूर झाल्यावर पुन्हा तपासणीसाठी विचारता येते.