प्राण्यांचे झुरणे आणि ‘जीव देणे’

माणसाखेरीज इतर प्राण्यांना हताशा येते का, आणि ते जाणूनबुजून स्वतःचा जीव घेऊ शकतात का, अशा दोन प्रश्नांचा हा विषय आहे. दोन्हींसाठी मराठीत आधीपासून वेगवेगळे शब्द आहेत. धनी गेल्यावर कुत्रा ‘झुरतो’, बैल ‘हाय खातो’. विहिरीत मात्र तो ‘पडतो’. ‘जीव दिला’ हे शब्द सहसा माणसासाठीच राखलेले असतात. गेल्या साठेक वर्षांच्या संशोधनाने बोलीतला हा भेद बराचसा खरा ठरवला आहे. झुरणे मोजता येते आणि त्यामागे मेंदूत काय घडते हेही काही अंशी कळले आहे. जीव देण्याचा मात्र एकही निर्विवाद पुरावा नाही.

हताशा मोजायची कशी

या अभ्यासाचा पाया मानला जाणारा प्रयोग मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवर केला. कुत्र्यांच्या दोन गटांना सारखेच विजेचे झटके दिले जात. एकाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येई, दुसऱ्याने काहीही केले तरी फरक पडत नसे. एका दिवसाने दोघांना अशा पेटीत सोडले की मधला बुटका अडसर ओलांडला की झटका चुकावा. पहिल्या गटातले कुत्रे लवकरच उडी मारायला शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक खाली बसून कण्हत राहिले. त्यांना त्यातून बाहेर काढण्याचा जो उपाय लागू पडला तो अगदी साधा होता : पट्ट्याला धरून अडसरापलीकडे ओढत नेणे, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ म्हटले गेले. २०१६ मध्ये याच दोघांनी स्वतःचा निष्कर्ष फिरवला. दीर्घ त्रासात निपचित पडणे ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया असते. ‘आपण हालचाल केली की त्रास थांबतो’ हे शिकावे लागते आणि ते शिकल्यावर कपाळामागचा मेंदूचा भाग मेंदूच्या देठातील सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेले रसायन) सोडणाऱ्या पेशींना आवरतो, असे त्यांनी मांडले. म्हणजे नावच उलटे पडले, तरी पाठ्यपुस्तकांत ते तसेच चालू आहे.

औषधांच्या प्रयोगशाळांत जास्त वापर होतो तो सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीचा. ती १९७७ मध्ये संशोधक पोर्सोल्ट यांनी मांडली. उभ्या नळकांड्यात सुमारे २५ अंश सेल्सिअसचे पाणी भरतात, पाय तळाला टेकणार नाहीत आणि काठावर चढता येणार नाही असे. घुशीएवढ्या पांढऱ्या उंदराला पहिल्या दिवशी १५ मिनिटे आणि २४ तासांनी ५ मिनिटे पाण्यात ठेवतात. लहान उंदराची चाचणी एकाच दिवशी ६ मिनिटांची असते आणि त्यातली शेवटची ४ मिनिटे मोजतात. हातपाय मारणे सोडून तो जितका वेळ नुसता तरंगतो तितकी त्याची ‘हताशा’ मोठी, असा हिशेब. हा हिशेब अनेक बाजूंनी चुकतो. पाणी दोन-चार अंशांनी गार असले तरी आकडा बदलतो. एका जातकुळीचा उंदीर मुळातच दुसरीपेक्षा कमी धडपडतो. उत्तेजक द्रव्य दिले की कोणताही उंदीर जास्त हालतो आणि ते द्रव्य नैराश्यावरचे औषध असल्याचा भास होतो. शिवाय माणसाला ज्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांचा परिणाम इथे काही तासांत दिसतो. मुख्य आक्षेप वेगळाच आहे : सुटका नाही हे ओळखून शक्ती राखण्यासाठी तरंगणारा उंदीर हताश म्हणायचा की शहाणा?

त्यापेक्षा साखरपाण्याची चाचणी जास्त विश्वासाची. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात, एकीत साधे पाणी आणि दुसरीत १ ते २ टक्के साखरेचे. मधेच बाटल्यांच्या जागा बदलतात, नाहीतर उंदराची एका बाजूची सवयच मोजली जाते. नळी गळत नाही ना हेही पाहावे लागते. शेवटी दोन्ही बाटल्यांचे वजन करतात. धडधाकट उंदीर गोडावर तुटून पडतो. ओला भुसा, तिरका ठेवलेला पिंजरा, रात्रभर जळणारा दिवा असे किरकोळ पण सतत बदलते त्रास काही आठवडे दिले, की त्याची गोडाची ओढ कमी होते. आनंद घेण्याची क्षमता ओसरणे हे माणसाच्या नैराश्याचेही ठळक लक्षण आहे.

२००४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात आणखी एक युक्ती वापरली गेली. एक सूर वाजला की खाऊ, दुसरा वाजला की कर्कश आवाज, हे उंदरांना शिकवले आणि मग दोहोंच्या मधला सूर ऐकवला. ज्यांच्या राहण्याची व्यवस्था रोज अनपेक्षितपणे बदलत होती, त्या उंदरांनी मधल्या सुराकडून खाऊची अपेक्षा कमी धरली. अर्धा पेला रिकामा पाहण्याचे हे मोजमाप पुढे मेंढ्या, डुकरे, कुत्री आणि मधमाश्यांवरही झाले.

घोड्यांत तर डोळ्यांनी ओळखता येणारी ठेवण सापडली आहे. फ्रान्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तबेल्यातल्या काही घोड्यांची मान पाठीच्या रेषेत आडवी, डोळे उघडे पण नजर स्थिर आणि कान न हलणारे दिसले. विसावलेल्या घोड्याची मान थोडी वर बाकदार असते आणि डोळे अर्धवट मिटलेले असतात. हे गप्प घोडे आजूबाजूच्या हालचालींना कमी प्रतिसाद देत. नंतरच्या चाचणीत त्यांनी साखरही कमी खाल्ली. वरातीच्या घोड्यावर ‘अगदी गरीब आहे हो’ असा शेरा पडतो तेव्हा हे वर्णन आठवावे.

पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्या, साखळदंडातल्या हत्तीचे डुलणे, पोपटाचे स्वतःची पिसे उपटणे या साचेबद्ध हालचाली वेगळ्या प्रकारात मोडतात. त्या वाईट परिस्थितीच्या खुणा आहेत, पण एकाच वाईट जागेत येरझाऱ्या घालणारा प्राणी कोपऱ्यात पडून राहणाऱ्यापेक्षा पुष्कळदा बऱ्या अवस्थेत असतो. प्राणिसंग्रहालयात लोक हळहळतात ते फिरणाऱ्या प्राण्यासाठी. झोपलेला त्यांना सुखी वाटतो.

मृत्यू कळतो का

हताशा असली तरी जीव देण्यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात : आपण आहोत याची जाणीव, मरण आले की परत फिरता येत नाही हे ज्ञान, आणि अमुक कृतीने ते येईल हा अंदाज. पहिली गोष्ट काही थोड्या प्राण्यांत असावी. गॉर्डन गॅलप यांच्या १९७० च्या आरसा चाचणीत चिंपांझींनी आरशात पाहून स्वतःच्या कपाळावर लावलेला ठिपका चाचपून पाहिला. दुसरीचे पुरावे अर्धेमुर्धे आहेत. माकडीण मेलेले पिल्लू सुकून जाईपर्यंत छातीशी धरून हिंडते. २०१८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्याजवळ एका ओर्का (डॉल्फिनच्या कुळातला मोठा सागरी प्राणी) मादीने आपले मृत पिल्लू १७ दिवस वाहून नेले. हे दुःख आहे असे मानायला हरकत नाही, पण मरण कळल्याने ती त्याला सोडत नाही की न कळल्याने, हे या दृश्यावरून ठरत नाही. तिसऱ्या गोष्टीचा पुरावा शून्य आहे.

झुरून मरण्याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण टांझानियातील गोम्बेच्या जंगलातले. १९७२ मध्ये फ्लो ही म्हातारी चिंपांझी मेली. तिचा साडेआठ वर्षांचा मुलगा फ्लिंट वयाच्या मानाने फारच आईला चिकटून असे. त्याने खाणे कमी केले, कळपापासून दूर राहू लागला, आजारी पडला आणि महिनाभराच्या आत मेला. तिथे चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांनी याचे कारण शोक मानले. शोकाने प्रतिकारशक्ती खालावते आणि मग साधा आजारही पुरतो. यात जीव देण्याचा हेतू कुठेही गृहीत धरावा लागत नाही.

प्रसिद्ध दाखले आणि त्यांचा निकाल

जाळाच्या कड्यात सापडलेला विंचू स्वतःलाच नांगी मारतो, ही समजूत आपल्याकडे आणि युरोपातही जुनी आहे. मद्रासमध्ये ए. जी. बोर्न यांनी ती तपासून १८८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : विंचवाचे विष त्याच विंचवाला मारत नाही. तो मरतो उष्णतेने. त्या आचक्यांत नांगी पाठीवर वळते आणि पाहणाऱ्याला डंख दिसतो.

लेमिंग हे उत्तरेकडचे उंदीर कड्यावरून समुद्रात उड्या घेतात, हा समज १९५८ च्या एका अमेरिकी माहितीपटाने जगभर नेला. ते चित्रीकरण समुद्र नसलेल्या अल्बर्टा प्रांतात, बाहेरून आणलेले प्राणी ढकलून केले होते. खरे एवढेच की दर तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या फुगते, झुंडी नव्या जागेच्या शोधात निघतात आणि पाणी ओलांडताना काही बुडतात.

आसामातील जतिंगा येथे पक्षी ‘सामुदायिक आत्महत्या’ करतात असे मराठी वर्तमानपत्रांतही अधूनमधून छापून येते. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या अमावास्येच्या सुमाराच्या धुकट, वाऱ्याच्या रात्री दिशा चुकलेले पक्षी दिव्यांकडे ओढले जातात, आणि त्यांतले पुष्कळसे लोकांनी बांबूने मारल्यामुळे मरतात. यात आत्महत्या कुठेच नाही.

डॉल्फिनचे प्रकरण इतके सोपे नाही. त्याचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक वेळी वर येऊन तो घ्यावा लागतो. १९७० मध्ये कॅथी नावाची पाळीव डॉल्फिन आपल्या हातांत पुढचा श्वास न घेता मेली, असे तिचे प्रशिक्षक रिक ओबॅरी सांगत आले आहेत. क्षमता आहे, साक्षीदार आहे. पण साक्ष एकट्याची, तीही तिच्यावर जीव असलेल्या माणसाची, आणि अत्यवस्थ प्राण्याचा श्वास बंद पडणे बाहेरून तसेच दिसते.

रायगडावरील वाघ्या कुत्र्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली, ही कथा याच मालिकेतली. समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही आणि तिच्यावरचा वाद इतिहासाचा आहे, प्राणिशास्त्राला त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

हेतूशिवाय पत्करलेले मरण

मरण ओढवून घेणारे वर्तन निसर्गात भरपूर आहे. पुण्यातल्या उंच इमारतींच्या सज्जांखाली लटकणाऱ्या आग्या मोहोळातली कामकरी माशी माणसाला डसली की काटेरी नांगी कातडीत अडकते, पोटाचा भाग तुटतो आणि ती मरते. तिला स्वतःची प्रजा नसते. पोळे वाचले की तिचा वंश वाचतो. मादी ऑक्टोपस अंडी राखताना अन्न सोडते आणि मरते. १९७७ मध्ये संशोधक वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या, तर त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. काही रातकिडे पाण्यात उडी घेतात, कारण पोटात वाढलेल्या केसासारख्या जंताला पुढचे आयुष्य पाण्यात काढायचे असते.

पुणे परिसरातील गैरसमज

बाणेर, खराडी, हिंजवडीच्या उंच इमारतींतून मांजर पडले की ‘उडी मारली’ म्हणतात. ते कबुतरामागे झेपावते किंवा गुळगुळीत कठड्यावरून घसरते. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. म्हणून पडलेले मांजर चालताना दिसले तरी छाती, जबडा आणि टाळू तपासून घ्यावा, आणि गॅलरीला ताणून बसवलेली जाळी लावावी. दिवाळीत गॅलरीतून झेप घेणारा कुत्रा फटाक्यांच्या आवाजापासून पळत असतो. त्याला खिडक्या बंद केलेल्या आतल्या खोलीत ठेवावे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे विहिरीत पडतात ते रात्री भक्ष्यामागे धावताना, कठडा नसलेल्या विहिरीत.

घरातले जनावर झुरत असेल तर

इटलीत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घरातला एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याचे वागणे बदलल्याचे ४२६ पैकी ८६ टक्के पालकांनी सांगितले. यात पालकाचे स्वतःचे दुःखही मिसळलेले असते हे ध्यानात घ्यावे.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘आजोबा गेल्याची हाय खाल्ली’ म्हणून आठवडा घालवणे. न खाणाऱ्या कुत्र्याचे गुदद्वारातले तापमान आधी पाहावे, ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस हे नेहमीचे. हिरड्या फिक्या आहेत का, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, पाणी किती पितो, लघवी किती होते, हे बघावे. गोचीडतापात कुत्रा हुबेहूब दुःखी दिसतो आणि रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघतात. मूत्रपिंडाच्या आजारातही तसेच. एक दिवस उलटूनही खात नसेल तर पशुवैद्याकडे न्यावे. मांजराच्या बाबतीत घाई जास्त : दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साठून जिवावर बेतते.

शारीरिक कारण नाही असे ठरले की फिरण्याची आणि जेवणाची वेळ पूर्वीचीच ठेवावी. गेलेल्या माणसाची किंवा सोबत्याची चादर लगेच धुऊ नये. अन्न थोडे कोमट करून द्यावे. लगेच नवे पिल्लू आणू नये. म्हातारा कुत्रा त्याने आणखी आक्रसतो. फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधे पशुवैद्य देतात, पण त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. माणसाची उरलेली गोळी अंदाजाने अर्धी करून देणे धोक्याचे.