रिपोर्टातलं ‘सीडी’ म्हणजे काय, आणि नमुना फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही

फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेतला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हमखास प्रश्न येतो: “सीडी34 म्हणजे 34 जास्त की कमी?” जास्तही नाही, कमीही नाही. सीडी म्हणजे ‘क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन’, आणि 34 हा नुसता क्रमांक आहे. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर निरोप पकडणारे रिसेप्टर आणि इतर प्रथिनं असतात. त्यांना असे क्रमांक देण्याची पद्धत 1982 साली पॅरिसच्या परिषदेत ठरली.

पेशी वाढते तशी ही प्रथिनं बदलतात. बागायतदार झाडावरचा हापूस न कापता सांगतो, चौदा आणे तयार आहे की कोवळा. पेशीची तयारीही तशीच वरून ओळखतात.

बी पेशी, म्हणजे पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, हाडांच्या मगजात तयार होतात. अगदी कोवळ्या पेशीवर सीडी34 आणि सीडी10 असतात, सीडी19 लवकरच येतं, सीडी20 त्यानंतर. शेवटी अँटिबॉडी बनवणारी प्लाझ्मा पेशी झाली की सीडी20 जातं आणि सीडी138 दिसू लागतं. रिटुक्सिमॅब (बी पेशी कमी करणारं औषध) घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ते औषध सीडी20 वर बसतं, त्यामुळे रक्तातल्या बी पेशी जवळपास नाहीशा होतात, पण जुन्या अँटिबॉडी लगेच संपत नाहीत. मगजातल्या मूळ पेशींवरही सीडी20 नसतं, म्हणून काही महिन्यांनी बी पेशी पुन्हा येऊ लागतात. डॉक्टर मधूनमधून सीडी19 मोजायला सांगतात ते यासाठीच.

टी पेशी, या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात. आधी सीडी4 नाही, सीडी8 नाही, मग दोन्ही, मग दोनपैकी एकच. बहुतेक पेशी तिथेच मरतात, मोजक्या बाहेर पडतात. नवख्या टी पेशीवर सीडी45आरए असतं, जंतूशी गाठ पडलेल्या स्मृतिपेशीवर बहुधा सीडी45आरओ. तान्ह्या बाळात नवख्या पेशीच जास्त असतात, त्यामुळे बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहू नका.

रिपोर्टात सीडी10 दिसलं म्हणून रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका. ते तयार न्यूट्रोफिलवरही (रक्तातल्या नेहमीच्या पांढऱ्या पेशीवरही) असतं. एका खुणेवरून रक्ताचा कर्करोग ठरत नाही. कोणत्या खुणा एकाच पेशीवर एकत्र आहेत, ते डॉक्टर बघतात.

आता नमुन्याचं. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये घेतो. ते फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवायचं नाही, मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीतही नाही. पेशी जिवंत पोचायला हव्यात, शक्यतो चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस. तपासणी मुंबईला होते. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे अडकली की नमुना उशिरा पोचून वाया जातो. शुक्रवार-शनिवारी आम्ही तो घेत नाही. तुम्ही लांबून येता, येण्याआधी फोन करा.

सीडी4 असलेल्या टी पेशींची संख्या दिवसभरात वरखाली होते, सकाळी कमी असते. दर वेळी साधारण त्याच वेळेला या. एचआयव्हीसाठी ही तपासणी सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रात मोफत होते; आमच्याकडे पैसे भरण्याआधी तिथे विचारा.