केल्टिक परीलोक आणि अद्भुत कादंबरी

आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या लोककथांत टेकड्यांच्या पोटात राहणारी एक अदृश्य जमात आहे. तिच्याशी माणसाची गाठ पडली की काय घडते, यावर रचलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचा हा प्रकार. मराठीत या जमातीसाठी ‘परी’ हाच शब्द हाताशी आहे. पण तो फारसीतून आलेला, आणि ऐकताक्षणी पंख व छडी डोळ्यांपुढे आणणारा. या लोकांना मुळात पंख नव्हते. ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्रज चित्रकारांनी आणि रंगभूमीने लावले. आयरिश खेड्यातली परी बहुतेकदा माणसाएवढी असते, गुरे पाळते, नाचते, आणि चिडली तर गोठ्यातली दुभती गाय आटवते.

आयरिश भाषेत यांना ‘ईस शी’, म्हणजे टेकडीतले लोक, म्हणतात. मृत्यूआधी रडणारी ‘बॅनशी’ ही टेकडीतली बाई. बोलताना मात्र ‘भली माणसे’ म्हणायचे. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, तशीच ही रीत. ओळखीच्या शेतात भलत्या ढेकळावर पाय पडला की माणसाला फाटक सापडत नाही, तो रात्रभर फिरत राहतो, अशीही समजूत आहे. कोकणात याला चकवा म्हणतील. उतारा असा, की अंगातला कोट उलटा करून घालावा.

मध्ययुगीन आयरिश ग्रंथांनुसार हे लोक म्हणजे तुआथा दे दानन, देशाचे जुने दैवी राज्यकर्ते. नव्याने आलेल्यांकडून हरल्यावर ते जमिनीखाली गेले. मीथ परगण्यातले न्यूग्रेंज हे सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे थडगे त्यांच्यातल्या एंगसचे घर मानले जाई. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवतीचे ऊन तिथल्या आतल्या दालनापर्यंत पोहोचते. शेतांमधली मातीची गोल रिंगणेही त्यांचीच समजली गेली. ती प्रत्यक्षात मध्ययुगाच्या सुरुवातीची शेतकरी वस्तीस्थाने आहेत. अशी ४० हजारांहून अधिक रिंगणे आयर्लंडात नोंदली गेली आहेत, आणि इतकी टिकली याचे मोठे श्रेय त्यांच्यावर नांगर घालायला धजावत नसलेल्या शेतकऱ्यांना आहे. १९९९मध्ये क्लेअर परगण्यातल्या लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचे एक काटेरी झुडूप येत होते. ते पऱ्यांचे आहे, तोडू नका, असे कथाकार एडी लेनिहान यांनी जाहीरपणे बजावले. झुडूप वाचले.

या कथांचा कणा म्हणजे नियम. तिथले अन्न खाल्ले की परत येणे नाही. लोखंड त्यांना सोसत नाही. दिलेला शब्द अक्षरशः पाळला जातो, आणि त्या अक्षरातच फास असतो. वेळही वेगळी चालते: तीर ना नोग या चिरतारुण्याच्या देशातून आयरिश दंतकथांतला वीर ओशीन परततो तेव्हा इथे ३०० वर्षे उलटलेली असतात. घोड्यावरून पडून पाय जमिनीला लागताच तो जख्ख म्हातारा होतो.

स्कॉटिश सीमेवरच्या ‘टॅम लिन’ या पोवाड्यात पऱ्यांनी नेलेल्या तरुणाला गरोदर जॅनेट परत आणते. हॅलोवीनच्या रात्री पऱ्यांची स्वारी निघते. पांढऱ्या घोड्यावरून त्याला खाली ओढायचे आणि सोडायचे नाही, एवढेच तिचे काम. तिच्या मिठीत तो साप होतो, अस्वल होतो, तापलेले लोखंड होतो. ती सोडत नाही.

हे केवळ गाणे नव्हते. मार्च १८९५मध्ये टिपेररी परगण्यात २६ वर्षांच्या ब्रिजेट क्लिअरी या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला नवऱ्याने जाळून मारले. आजारी बायको खरी नव्हेच, पऱ्यांनी तिच्या जागी दुसरी ठेवली आहे, असे तो म्हणत होता. नंतर तो जवळच्या रिंगणापाशी रात्री थांबला: पांढऱ्या घोड्यावरून ती बाहेर येईल, आपण तिला सोडवू. त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. या कादंबऱ्या वाचताना ही घटना लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. बदललेल्या माणसाची कल्पना खऱ्या घरांतून आली आहे.

क्रोकर (१८२५), येट्स (१८८८) आणि लेडी ग्रेगरी (१९२०) यांच्या लोककथासंग्रहांमुळे ही सामग्री लेखकांच्या हाती आली. मीथमध्येच वाडा असलेल्या लॉर्ड डन्सनी यांची ‘द किंग ऑफ एल्फलंड्स डॉटर’ १९२४ची. तिच्यात दोन जगांमधली हद्द संधिप्रकाशाची आहे आणि ती मागेपुढे सरकते. एमा बुल यांनी १९८७मध्ये ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये हे सगळे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात नेले आणि एका रॉक गायिकेला पऱ्यांच्या युद्धात ओढले. सीली (माणसांशी बऱ्या वागणाऱ्या पऱ्या) आणि अनसीली (दुष्ट पऱ्या) हे शब्द स्कॉटिश लोकश्रद्धेतले आहेत, पण त्यांची दोन शिस्तबद्ध वैरी दरबारांत झालेली मांडणी मुख्यतः आधुनिक आहे.

सुझाना क्लार्क यांची २००४ची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ इंग्लंडची असली तरी तिच्यातला करार याच जातीचा आहे. मेलेली तरुणी जिवंत होते, मोबदल्यात तिचे अर्धे आयुष्य एका परीपुरुषाला मिळते. ऐकणाऱ्याला वाटते, निम्मी वर्षे जातील. तो मात्र तिची रोजची रात्र नेतो. ती पहाटेपर्यंत त्याच्या वाड्यात नाचते आणि दिवसभर गळून पडलेली असते. अलीकडच्या प्रेमकथांमध्ये परीपुरुष नुसताच देखणा राजपुत्र उरतो, तेव्हा हा धाक हरवतो, आणि त्याबरोबर गोष्टीचे वजनही.

केट थॉम्पसन यांच्या २००५च्या ‘द न्यू पोलिसमन’मध्ये धाक नाही, पण नियम पूर्ण जिवंत आहेत. गॉलवेतल्या किन्व्हारा गावात कुणालाच वेळ पुरत नाही, कारण तो तीर ना नोगमध्ये गळतो आहे. तिथे जाणारा मुलगा फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा आहे, आणि प्रकरणांच्या शेवटी पारंपरिक धुनांचे स्वरलेखन छापलेले आहे. वाचक पुस्तक समोर ठेवून त्या वाजवू शकतो.