एसटीत तिकिटाचे पैसे जास्त घेतले? सातारा-सांगलीत तक्रार कुठे आणि कशी करायची

ज्येष्ठांचं स्मार्ट कार्ड दाखवूनही मशीनमधून पूर्ण तिकीट निघालं, उंब्रजला उतरायचं तर कराडचं फाडलं, नाहीतर यूपीआयने पैसे गेले आणि तिकीटच आलं नाही. पहिल्या दोन तक्रारी एसटीकडे करायच्या, तिसरी बँकेकडेही.

आधी सवलत लागू होते का ते बघा. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण हे राज्याच्या हद्दीपर्यंतच. मिरजेहून बेळगावला किंवा जतहून विजापूरला जाताना हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं, तिथे कंडक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आरक्षणाचा आकारही निम्मा होत नाही.

चूक असेल तर गाडीतच सांगा. ऐकलं नाही तर तिकिटाचा लगेच फोटो काढा, कारण त्या कागदावरची अक्षरं उडतात आणि तिकिटाशिवाय तक्रारीला दम नाही. गाडीचा नंबर, वेळ, कंडक्टरचा बिल्ला क्रमांक टिपून घ्या. गाडी कोणत्या आगाराची ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. अर्ज त्या आगाराच्या व्यवस्थापकाकडे करायचा. विट्याची गाडी असेल तर साताऱ्याच्या आगारात अर्ज देऊन तो नुसता फिरत राहील. साध्या कागदावर लिहा, सोबत तिकिटाची आणि कार्डाची किंवा आधारची झेरॉक्स जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्याच. 'ठेवून जा, बघतो' यावर निघून येऊ नका. दाद लागली नाही तर त्याच विभागाचे विभाग नियंत्रक. एसटीचा टोल फ्री क्रमांक १८००२२१२५० आहे, पण माझं मत विचाराल तर लेखी अर्जच खरा.

यूपीआयचे पैसे कापले गेले आणि कंडक्टरच्या मशीनवर पोहोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते पाच दिवसांत परत यायला हवेत. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार क्रमांकासह बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

एसटीने दखलच घेतली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज चालतो, तेव्हा पलूसच्या माणसाला साताऱ्याच्या गाडीसाठी साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत.