शाई आणि जलरंग (बोधचित्रणातील तंत्र)

बोधचित्रणात, म्हणजे मजकुराला जोड देणाऱ्या चित्रांत, शाईच्या रेषेने आकृती बांधून तिच्यावर जलरंगाचे पातळ, पारदर्शक लेप देण्याची पद्धत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये टॉमस रोलंडसनसारख्या व्यंगचित्रकारांनी ती सराईतपणे हाताळली.

या तंत्राची मदार शाईवर आहे. काजळीत लाख मिसळून केलेली इंडियन इंक वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिच्यावर ओला कुंचला फिरवला तरी रेषा फुटत नाही. जलरंगाचे तसे नाही; तो डिंकात खललेला असल्याने वाळल्यावरही पाण्याने सुटतो, म्हणून पहिला लेप पुरता वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि तो देतानाही कुंचला वारंवार घासून चालत नाही. फाउंटन पेनची साधी शाई पाणी लागताच पसरते. काही चित्रकार मात्र या पसरण्यातूनच छाया मिळवतात. गुळगुळीत कागदावर टाकाची निब अडखळत नाही, पण रंगाचे डाग लवकर पडतात. खडबडीत कागदावर रंग खुलतो आणि रेषा तुटक होते. पांढऱ्यासाठी बहुधा कोरा कागदच राखून ठेवतात.

पुस्तकांत या पद्धतीला बहर आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, तिरंगी हाफटोन छपाईमुळे, म्हणजे तीन रंगांच्या बारीक ठिपक्यांतून छटा उभ्या करणाऱ्या छपाईमुळे. या छपाईचा लाभ घेणाऱ्यांत इंग्रज बोधचित्रकार आर्थर रॅकम (१८६७–१९३९) अग्रगण्य होता. पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई, ती वाळल्यावर पेन्सिल पुसणे आणि मग तपकिरी झाक असलेले एकावर एक लेप, असा त्याचा क्रम असे. तीन रंगांचे ठसे नेमके एकमेकांवर न बसल्यास चित्राच्या कडा धूसर होत, तरी ठसठशीत रेषेमुळे आकृती स्पष्ट राहत; त्यामुळे रॅकमच्या रेषेकडे केवळ आवडीचा भाग म्हणून पाहणे अपुरे आहे. अशी चित्रे वेगळ्या चकचकीत कागदावर छापून पुस्तकात चिकटवीत, आणि साहजिकच ती पुस्तके महाग पडत.

रॅकमच्याच जन्मवर्षी जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. रेखाटन आणि जलरंग या दोहोंवर त्यांचे प्रभुत्व होते. मराठी नियतकालिकांत मात्र आतल्या पानांवर बराच काळ नुसती शाईची रेषाच दिसते, कारण तिचा लाइन ब्लॉक (नुसती रेषा छापणारा धातूचा ठसा) स्वस्त पडे व साध्या कागदावरही नीट उठे; रंगीत चित्र मुख्यतः मुखपृष्ठासाठी राखलेले असे. ऑफसेट छपाई रुळल्यावर रेषा आणि लेप एकाच पानावर मजकुरासोबत छापणे सोपे झाले, आणि बालपुस्तकांत हे तंत्र विशेष रुजले.